श्रेयनामावलीतली बाई : नाव, पैसा आणि शेवटचा शब्द

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकर यांनी दिलेल्या संगीतावर लेख लिहिला होता. गायिका म्हणून देशभर नाव असलेल्या बाईने संगीतकार म्हणून स्वतःचे नाव लपवले, यात मला त्यांचा विनय दिसला होता आणि तसे मी लिहिलेही होते. लेख आवडल्याची चार-पाच पत्रे आली. मीही तो विषय मनातून मिटवून टाकला.

गेल्या उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी प्रबंधाच्या कामासाठी माझ्या मंगळवार पेठेतल्या घरी आली. तिने तो जुना लेख वाचला होता. जाता जाता, चपला घालत असताना तिने विचारले, "मॅडम, मग ज्या पुरुष संगीतकारांनी आपापल्या नावानं संगीत दिलं, त्यांच्याकडे विनय नव्हता का?"

मला उत्तर देता आले नाही. चहाचे कप विसळताना तो प्रश्न डोक्यात राहिला आणि नंतर कितीतरी दिवस राहिला. तो प्रश्न एका शब्दाबद्दल नव्हता. चित्रपटाच्या इतिहासातल्या बाईबद्दल लिहिताना आम्ही समीक्षक जे शब्द वापरतो, त्या सगळ्यांबद्दल होता. प्रस्तुत लेख म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे आणि माझ्या जुन्या लेखाची दुरुस्तीही.

उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. मिरजकर तिकटीवरून निघावे, तर एका अंगाला खासबागेतले कुस्तीचे मैदान आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, दुसऱ्या अंगाला बेलबागेकडे जयप्रभा स्टुडिओ. खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ उभा असलेला कॅमेऱ्याचा स्तंभही पायी जाण्याच्या अंतरावर. मराठी नाटक-सिनेमाचा निम्मा इतिहास या पेठांच्या परिसरात घडला. बायका कामाच्या ठिकाणी कुठे उभ्या होत्या, हे पाहायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. चित्रसंस्था म्हणजे शेवटी एक कारखानाच. तिथे भांडवल लागते, मजूर लागतात, मुकादम लागतो, आणि माल बाहेर पडताना त्यावर कुणाचे तरी नाव छापावे लागते.

हे नाव जिथे छापतात, त्या श्रेयनामावलीला मी तीन प्रश्न विचारायचे ठरवले. पैसा कुणाचा? नाव कुणाचे? आणि शेवटचा शब्द कुणाचा? नेतृत्व हा शब्द आपण सैलपणे वापरतो. माझ्या मते या तिन्हींची उत्तरे एकाच व्यक्तीपाशी येतात तेव्हाच त्याला नेतृत्व म्हणावे. कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत बायकांना यांपैकी एक मिळाले, क्वचित दोन मिळाली. तिन्ही एकत्र मिळणे अवघड गेले, आणि जे मिळाले त्यालाही आम्ही लिहिणाऱ्यांनी दुसरीच नावे दिली.

१

आधी पैशाचे पाहू. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. कॅमेरा त्यांनी स्वतः तयार केला, ही कथा आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या कंपनीच्या उभारणीत पैसा घालणाऱ्यांत तानीबाई कागलकर होत्या. तानीबाई गायिका होत्या. मैफलीत गाऊन मिळवलेला पैसा त्यांनी अशा धंद्यात घातला, ज्याचे त्या काळी पुढे काय होईल हे कुणालाच सांगता आले नसते. आजच्या भाषेत याला जोखीम भांडवल म्हणतात.

आता दुसरी नोंद पाहा. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या चौघांनी, म्हणजे व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी, १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. त्यांच्याबरोबर पाचवे नाव येते सीताराम कुलकर्णी यांचे. कुलकर्णी सराफ होते. त्यांनी पैसा घातला, आणि इतिहासात ते संस्थापक भागीदार म्हणून येतात. ते योग्यच आहे. परंतु तानीबाई मात्र इतिहासात येतात त्या 'मदत करणाऱ्या' म्हणून. मी स्वतः एका व्याख्यानाच्या टिपणात 'तानीबाईंचा उदार हात' असे लिहिल्याचे मला सापडले. सराफाचा पैसा आला की भागीदारी आणि गाणाऱ्या बाईचा पैसा आला की औदार्य, हा फरक माझ्या लेखणीने केला होता.

यावर कुणी म्हणेल की कुलकर्णी करारातले भागीदार होते, म्हणून तसे लिहिले जाते. आक्षेप रास्त आहे. पण मग प्रश्न एक पायरी मागे जातो. गाणाऱ्या बाईला धंद्याच्या कागदावर भागीदार म्हणून बसवण्याची रीत तेव्हा का नव्हती? पैसा चालत होता, सही चालत नव्हती. आम्ही नंतरच्यांनी त्या न झालेल्या सहीची भरपाई गौरवाच्या विशेषणांनी केली.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि कोल्हापूरची चित्रसृष्टी ओस पडते की काय, असे वाटू लागले. तेव्हा राजघराण्याने दोन संस्थांना बळ दिले. राजाराम महाराजांच्या पाठिंब्याने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, आणि त्यांच्या भगिनी, राजर्षी शाहूंच्या कन्या अक्कासाहेब महाराज यांच्या पाठिंब्याने शालिनी सिनेटोन. तानीबाईंना जे मिळाले नाही ते इथे काही प्रमाणात मिळालेले दिसते. अक्कासाहेबांचे नाव संस्थेशी ठळकपणे जोडले गेले. पण ते राजघराण्याचे वजन होते. जिच्यामागे गादी नाही, त्या बाईला पैशाबरोबर नाव मिळेल का, हा प्रश्न तसाच राहिला.

२

पैशानंतर नाव. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. कीचकवधाची कथा. लोकमान्य टिळकांनी तो पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. त्याआधी १९१३ मध्ये फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या, तरी सिनेमात काम करणारी बाई ही तेव्हाही अपवादच होती. 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी काम केले. त्यांना पडद्यासाठी नवी नावे मिळाली. गुलाबबाईंच्या झाल्या कमलादेवी आणि अनसूयाबाईंच्या झाल्या सुशीलादेवी. 'बाई' जाऊन 'देवी' आली, म्हणजे वरवर पाहता बढतीच. पण या कामापायी त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि कंपनीच्या आवारातच राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. देवीचे नाव पडद्यावर आणि बाईचे बिऱ्हाड स्टुडिओत.

या सगळ्यात चित्रपटाचे शीर्षक कसे चपखल बसते पाहा. सैरंध्री हे द्रौपदीचे खरे नाव नव्हेच. अज्ञातवासात, विराटाच्या घरी चाकरी करताना तिने घेतलेले ते नाव आहे. कामाच्या ठिकाणी खऱ्या नावाने वावरता येत नाही, आणि नाव बदलले तरी कीचक सोडत नाही, अशी ती कथा. गुलाबबाईंनी आणि अनसूयाबाईंनी ती पडद्यावर सांगितली आणि पडद्याबाहेर जगली.

नाव बदलण्याची ही प्रथा पुढेही चालू राहिली. रतन साळगावकर हंसा वाडकर झाल्या. जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेल्या सुलोचनाबाईंना 'सुलोचना' हे नाव भालजींनीच दिले. त्या नावाने त्यांना घराघरात नेले आणि भालजींविषयीची कृतज्ञता त्यांनी जन्मभर सांगितली. मला त्या कृतज्ञतेवर शंका घ्यायची नाही. मला फक्त रीत नोंदवायची आहे. नाव देणारा मालक किंवा दिग्दर्शक असतो, घेणारी काम करणारी बाई असते.

पुरुषांची नावे बदलत नव्हती असे नाही. बाबूराव पेंटर मूळचे बाबूराव मेस्त्री. पण त्यांचे नाव बदलले तेव्हा त्यात त्यांचे कसब आले. 'पेंटर' हे नाव सांगते की हा माणूस काय करतो. 'कमलादेवी' हे नाव सांगते की ही बाई कुठून आली ते विचारू नका.

दुर्गा खोटे यांचे उदाहरण वेगळे आहे. सुखवस्तू, सुशिक्षित घरातल्या दुर्गाबाई स्वतःच्या खऱ्या नावाने कोल्हापुरात आल्या आणि १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या. नाव न बदलता काम करता येते, हे त्यांनी दाखवले. पुढे 'साथी' हा चित्रपट त्यांनी स्वतः निर्माण आणि दिग्दर्शित केला. त्याही पुढे स्वतःच्या नावाची निर्मितीसंस्था काढली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर गाजलेली 'वागळे की दुनिया' त्याच संस्थेची. पैसा, नाव आणि शेवटचा शब्द, तिन्ही एका बाईपाशी आली. मात्र ती कोल्हापूर सोडल्यानंतर आणि अभिनेत्री म्हणून अनेक वर्षे काढल्यावर आली, हेही लिहायला हवे.

३

आता शेवटच्या शब्दाकडे, म्हणजे अधिकाराकडे येतो. याच दुर्गाबाईंचा, १९३२ चाच, प्रभातने कोल्हापुरात केलेला 'माया मच्छिंद्र' या दृष्टीने मला 'अयोध्येचा राजा'पेक्षा महत्त्वाचा वाटतो. 'अयोध्येचा राजा'त बाई सोसते. 'माया मच्छिंद्र'मध्ये ती राज्य करते.

नाथपंथातली ही कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. स्त्रियांचे राज्य. पुरुषांचा तिटकारा करणारी राणी किलोतळा. तिच्या राज्यात जाऊन रमलेले मच्छिंद्रनाथ, आणि गुरूला सोडवायला आलेला गोरखनाथ. शांतारामबापूंनी मच्छिंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, गोरखाच्या भूमिकेत मास्टर विनायक आणि राणीच्या भूमिकेत दुर्गाबाईंना घेतले. सिंहासनावर बसलेली, पायाशी चित्ता बाळगणारी ती राणी मराठी प्रेक्षकाने पूर्वी पाहिली नव्हती. पतिव्रता, माता, कलावंतीण या ठरलेल्या साच्यांबाहेरची ही बाई होती. तिच्या दरबारात पहारा बायकांचा, हुकूम बाईचा.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा भव्य नेपथ्य आणि चमत्कारदृश्ये यांच्यावरच माझे लक्ष होते. अलीकडे पुन्हा पाहताना एक गोष्ट ठळक जाणवली. कॅमेरा राणीकडे खालून वर पाहतो, तिचा दरारा तो मनापासून उभा करतो. कथा मात्र त्या दराऱ्याला पहिल्यापासून तात्पुरता धरून चालते. या राज्यात शेती कोण करते, न्याय कसा होतो, वारस कसा ठरतो, असला एकही प्रश्न चित्रपटाला पडत नाही. स्त्रीराज्य म्हणजे पुरुषाच्या वाटेतली एक परीक्षा. शेवटी तर गुरूची लीला उलगडते आणि सगळी माया होती असे कळते. राणी हरत नाही, तिचे राज्यच नाहीसे होते. हरलेल्या राज्याचा निदान इतिहास तरी लिहिला जातो.

याला प्रभातला दोष देण्यात अर्थ नाही. कथा परंपरेतली आहे, आणि मायेचा उलगडा हा तिचा प्राण आहे. पण हा चित्रपट कोणत्या गावात तयार होत होता, ते आठवावे. या गावाची गादी महाराणी ताराबाईंनी उभी केली. नवऱ्याच्या मृत्यूनंतर औरंगजेबाशी सात वर्षे लढा चालवणारी राणी ज्यांच्या आठवणीत होती, त्या गावात स्त्रीचे राज्य पडद्यावर आले ते भुलवण म्हणून. शिवाय याच संस्थानात शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी सोपवली होती, आणि त्यांच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर होऊन संस्थानच्या रुग्णालयात काम करत होत्या. या मायलेकींकडे पद होते, पगार होता, आणि त्यांच्या सहीला किंमत होती. तिथे ते शक्य झाले, कारण कुणीतरी तसा लेखी हुकूम काढला होता. चित्रपटाच्या धंद्यात असा हुकूम काढणारे कुणी नव्हते. तिथे रीत हाच कायदा.

४

या पार्श्वभूमीवर आनंदघनांकडे परत येते.

स्वातंत्र्यानंतर जयप्रभा स्टुडिओने वाईट दिवस पाहिले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, पण कर्ज मागे लागले. १९५९ मध्ये स्टुडिओ लता मंगेशकर यांच्या मालकीचा झाला. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, त्याच्या विक्रीवरून कलावंत आणि पेठेतले लोक त्याच्या फाटकाबाहेर आंदोलनाला बसले होते. त्या व्यवहाराचे बरेवाईट हा या लेखाचा विषय नाही. मला इथे फक्त साल हवे आहे.

कारण १९६३ मध्ये भालजींचा 'मोहित्यांची मंजुळा' आला, त्यावर संगीतकार म्हणून नाव होते 'आनंदघन'. पाठोपाठ १९६४ मध्ये 'मराठा तितुका मेळवावा', १९६५ मध्ये 'साधी माणसं', १९६९ मध्ये 'तांबडी माती'. म्हणजे ज्या काळात मंगळवार पेठेतला स्टुडिओ बाईंच्या नावावर होता, त्याच काळात त्यांचे संगीत दुसऱ्याच नावावर पडद्यावर येत होते. जागेच्या कागदावर नाव चालत होते, श्रेयनामावलीत चालत नव्हते.

या टोपणनावामागची हकीकत सगळीकडे सांगितली जाते ती अशी. भालजींना संगीतकार मिळत नव्हता, बाईंनी आपण संगीत देते म्हटले, आणि ते पडले तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला बट्टा लागेल, या काळजीतून टोपणनाव आले. ही हकीकत खरी मानायला मला काहीच अडचण नाही. प्रसिद्ध माणसाला नवे काम करून पाहताना आडोसा हवासा वाटतो. त्याआधी 'राम राम पाव्हणं'ला त्यांनी स्वतःच्या नावाने संगीत दिले होते, हेही मान्य. शिवाय टोपणनाव ही मराठीत काही बाईचीच गोष्ट नाही. केशवसुत, कुसुमाग्रज, ग्रेस ही सगळी टोपणनावेच.

मग माझा मुद्दा काय? आडोसा घ्यायचा ठरला, तेव्हा तो कोणत्या आकाराचा निवडला गेला, हा माझा मुद्दा आहे. 'आनंदघन' हे नाव ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुष येतो. संगीत दिग्दर्शक म्हणजे वीस-पंचवीस वादकांपुढे उभा राहून हातवारे करणारा, चुकलेल्याला थांबवणारा, गायकाला 'पुन्हा घेऊ' म्हणणारा माणूस, हे चित्र इतके पक्के होते की तिथे बाईचे नाव घालून लोकांना बुचकळ्यात टाकण्याची गरज कुणालाच वाटली नाही. आणि हे काम बाई प्रत्यक्षात करत होत्या. 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये त्यांच्या चालीवर हेमंतकुमार गायले. हेमंतकुमार स्वतः नामांकित संगीतकार, त्यांच्या संगीतात बाई गायल्या होत्या. इथे नाते उलटे झाले. 'पुन्हा घेऊ' म्हणण्याचा हक्क बाईंकडे आला.

त्याच चित्रपटासाठी शांता शेळके यांनी गीते लिहिली. शांताबाईंचीही गोष्ट इथे आठवते. चित्रपट परिनिरीक्षण मंडळावर असताना त्यांनी चित्रपटगीतांसाठी टोपणनाव घेतले, ते 'डॉ. वसंत अवसरे'. कारण नोकरीतल्या नियमाचे होते, पुरुष असण्या-नसण्याचे नव्हते. तरी नाव निवडताना वसंतही आला आणि डॉक्टरकीही आली. शांताबाईंना थट्टेची उत्तम जाण होती, तेव्हा त्यात थोडी थट्टाही असेल. पण थट्टा कुठल्या दिशेने सहज जाते, तेही पाहावे.

उलट दिशेची उदाहरणे शोधली की हिशेब स्पष्ट होतो. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कवितेसाठी 'आरती प्रभू' हे नाव घेतले. त्यामुळे त्यांच्या कवितेचे वजन कमी झाले नाही. उलट त्या नावाला एक गूढ वलय आले. रंगभूमीवर तर पुरुषांनी बाईचे नाव आणि लुगडे दोन्ही घेतले. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी एका पिढीच्या बायकांना पदर कसा घ्यायचा ते शिकवले. आमच्या खासबागेतल्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे ते केशवराव भोसलेही लहानपणी स्त्रीभूमिका करतच पुढे आले. राजर्षी शाहूंनी १९१५ मध्ये बांधलेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा आमच्या पेठेतली म्हातारी माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. पुरुष बाई झाला तेव्हा त्याला कला म्हटले गेले आणि इमारतीला त्याचे नाव लागले. बाई पुरुष झाली तेव्हा तिला विनय म्हटले गेले. म्हणणाऱ्यांत मी होते.

संगीताकडे पाहिले तर विनय हा शब्द आणखी चुकीचा ठरतो. 'साधी माणसं'मध्ये लोहार जोडप्याची कथा आहे. सूर्यकांत आणि जयश्री गडकर ते जोडपे झाले. जगदीश खेबुडकरांनी लिहिलेले भात्यापुढचे गीत आजही कोल्हापूरच्या प्रत्येक गणेशोत्सवात ऐकू येते. त्याची चाल भक्तिगीताची वाटते, पण तिचा पाया कामाचा आहे. ठेका ऐरणीवरच्या घावाचा आहे, आणि सुरांची उठबस भात्याच्या श्वासासारखी. बाई गाते ती कामातून उसंत मिळाली म्हणून गात नाही, काम चालू आहे म्हणून गाते. कष्टाच्या गाण्यात करुण सूर लावून रडवण्याची सोपी वाट होती. आनंदघनांनी ती घेतली नाही. या चालीत दमलेपण आहे, दैन्य नाही. हा निर्णय आहे, आणि तो ठामपणे घेतलेला आहे. नाव झाकलेले असताना इतका उघड निर्णय घेणाऱ्या संगीतकाराला विनयशील म्हणणे म्हणजे त्या निर्णयाकडे न पाहणे.

'साधी माणसं'ला राज्य शासनाचा उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. समारंभात 'आनंदघन' हे नाव पुकारले गेले, आणि हे आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लताबाईच, हे सभागृहाला कळले. हा प्रसंग मी जुन्या लेखात गोड आठवण म्हणून रंगवला होता. आज मला त्यात वेगळे काही दिसते. पुरस्कार ठरवणाऱ्यांपुढे काम आले ते नावाच्या ओझ्याशिवाय, आणि ते जिंकले. म्हणजे आडोशाने त्यांना एक न्याय मिळवून दिला. पण तो मिळाल्यावरही 'तांबडी माती'वर नाव राहिले ते आनंदघनच. गुपित फुटले, तरी रीत फुटली नाही.

त्यांनी नंतर संगीत का दिले नाही, याचे साधे उत्तर वेळ नव्हता हेच आहे, आणि ते पुरेसे आहे. माझी खंत त्यांच्याबद्दल नाही. देशातल्या सर्वांत सामर्थ्यवान गायिकेने, जी स्टुडिओची मालकही होती, ते दार उघडून पाहिले आणि आडनावाशिवाय आत जाऊन आली. जिच्याकडे तिच्या सामर्थ्याचा शंभरावा भागही नव्हता, अशा दुसऱ्या एखाद्या मुलीला त्या दारावर काय लिहिलेले दिसले असेल?

५

हा सगळा जुना इतिहास आहे, आज काय त्याचे, असे वाचकाला वाटू शकेल. म्हणून पेठेतल्या रस्त्यावर परत येते.

१९९३ मध्ये घटनादुरुस्त्या अमलात येऊन स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. रखमाबाईंसाठी जसा हुकूम निघाला होता, तसाच हा हुकूम, पण सर्वांसाठी. त्यातून उत्तम काम करणाऱ्या बायका पुढे आल्या. पाण्याच्या टाकीसाठी अधिकाऱ्याच्या टेबलापुढे ठाण मांडणाऱ्या, सभेत माइक हातातून न सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण शुभेच्छांचे असे फलकही मी पाहिले आहेत, ज्यांवर निवडून आलेल्या बाईंचा फोटो टिकलीएवढा, त्यांच्या यजमानांचा गॉगल लावलेला फोटो पाच फुटी, आणि खाली संपर्कासाठी नंबर यजमानांचाच. एकदा कामासाठी मी अशाच एका नंबरवर फोन केला. पलीकडून आवाज आला, "बोला काकू, मीच बघतो सगळं."

तेव्हा मला आनंदघन आठवले. १९६३ मध्ये काम बाईचे होते आणि नाव पुरुषाचे वाटेल असे. आता नाव बाईचे आहे आणि काम पुरुषाच्या हातात. साठ वर्षांत नावाची जागा बदलली, शेवटचा शब्द होता तिथेच राहिला. कायद्याने नाव मिळते, ते मिळालेच पाहिजे, त्याशिवाय पुढची पायरी येत नाही. रखमाबाईंच्या सहीला किंमत आली ती आधी पद आले म्हणून. पण नाव छापले गेले की आपण समाधानाने टाळ्या वाजवतो आणि उरलेले दोन प्रश्न विचारायचे विसरतो.

ते विचारण्याचे काम काही अंशी समीक्षेचे आहे. कलाकृतीतली बाई कशी रंगवली आहे, यावर आम्ही पुष्कळ लिहिले. ती कलाकृती तयार होताना कोणती बाई कुठे उभी होती, यावर कमी लिहिले. आणि जे लिहिले त्यात मदत, औदार्य, विनय, त्याग, प्रेरणा हे शब्द भरले. हे शब्द अपमानाचे नाहीत, म्हणूनच ते पकडता येत नाहीत. ते माणसाला देव्हाऱ्यात बसवतात आणि हिशेबाच्या वहीतून काढून टाकतात. तानीबाईंनी गुंतवणूक केली, असे लिहावे. गुलाबबाईंनी आणि अनसूयाबाईंनी सामाजिक बहिष्काराची किंमत मोजून नोकरी केली, असे लिहावे. आनंदघनांनी चार चित्रपटांचे संगीत दिग्दर्शन केले, असे लिहावे.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर फोन केला. जुन्या लेखातले ते वाक्य चुकले होते, तुझ्या प्रबंधात ते उद्धृत करायचे असेल तर माझ्या नावासकट चूक म्हणून कर, असे सांगितले. ती हसली. म्हणाली, "मॅडम, ते वाक्य मी आधीच काढून टाकलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

मी तिला सांगितले की पुन्हा घाल. चुकीखाली माझे नाव राहू दे.